सायकल, संकष्टी आणि एक गोळी

'व्यायाम करा' हे दोन शब्द गेली अठ्ठावीस वर्षे मी दवाखान्यात रोज बोलत आलो आहे. वजन वाढले, व्यायाम करा. रक्तदाब वाढला, व्यायाम करा. साखर वाढली, झोप लागत नाही, पोट साफ होत नाही, तरीही व्यायाम करा. गोळी लिहून देताना मात्र ती सकाळी घ्यायची की रात्री, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, हे सारे मी कागदावर लिहून देतो. व्यायामाबद्दल असे काही कधी लिहून दिल्याचे मला आठवत नाही. ही हयगय किती महागात पडू शकते ते गेल्या हिवाळ्यात लिंब गावच्या विहिरीवर मला कळले. ती हकिगत आज वाचकांना सांगायची आहे.

सुरुवात झाली ती फोटोंपासून. सांगलीच्या माझ्या मेहुण्याचा मुलगा अमेरिकेत नोकरीला आहे. तो सुटीत दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात जाऊन आला. तिथे अँडीज पर्वतात कुस्को हे इंका राजांच्या राजधानीचे जुने शहर आहे. त्या भागातले वाटाडे पाहुण्यांना डोंगरी सायकली देतात आणि दिवसभर शेतांमधून, खेड्यांमधून, पडक्या अवशेषांमधून फिरवून आणतात. मोराय येथे जमिनीत खोलगट उतरत गेलेली गोल पायऱ्यांची शेते आहेत, मारास येथे डोंगराच्या उतारावर मिठागरे आहेत. मुलाने फोटो पाठवले होते ते याच ठिकाणांचे.

फोटो सुंदर होतेच, पण डॉक्टर म्हणून माझ्या लक्षात राहिली ती त्याने सांगितलेली दुसरीच गोष्ट. कुस्को समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर, म्हणजे अकरा हजार फुटांवर आहे. हवा विरळ. साधारण अडीच हजार मीटरच्या वर गेले की सवय नसलेल्या माणसाचे डोके दुखू लागते, मळमळते, झोप उडते. म्हणून तिथल्या वाटाड्याने सायकल हातात देण्याआधी याला चार प्रश्न विचारले. इथे येऊन किती दिवस झाले? डोके दुखते का? झोप लागली का? सकाळी काय खाल्ले?

मेहुण्याला या प्रश्नांशी काही देणेघेणे नव्हते. तो म्हणाला, "दाजी, एवढ्या लांब जायचं काय कारण? किल्ला आपल्याकडं आहे, नदी आहे, देवळं आहेत. एक दिवस साताऱ्यातच फिरू की."

असे ठरले. मेहुणा बावन्न वर्षांचा, त्याचा सांगलीचा एक मित्र, सत्तावन्न वर्षांचा मी आणि माझे एक रुग्ण. हे रुग्ण निवृत्त शिक्षक, वय एकसष्ट. सारा पेठभर त्यांना गुरुजी म्हणतात, मीही तसेच म्हणेन. नऊ वर्षांपासून मधुमेह, पाच वर्षांपासून रक्तदाब. सहा महिन्यांपूर्वी त्यांनी जुनी सायकल दुरुस्त करून घेतली होती आणि ते रोज अर्धा तास चालवत होते. त्यांना या बेताविषयी सांगणारा मीच. आधी त्यांचा रक्तदाब मोजला, हृदयाचा आलेख काढला, तो ठीक आला आणि मी म्हणालो, "चला गुरुजी, काही होत नाही." (पडून राहिलेल्या माणसाचा आलेख हा विश्रांतीतल्या हृदयाचा आलेख असतो. श्रमात ते कसे वागेल हे तो पुरतेपणी सांगत नाही. मधुमेह जुना असेल आणि मोठा श्रम करायचा असेल, तर फिजिशियनला विचारून पट्ट्यावर चालण्याची तपासणी करावी की नाही ते ठरवावे. हेही मी त्या वेळी केले नाही.)

वाटाड्या म्हणून वाढ्याकडचा एक तरुण मिळाला. वय असेल पंचवीस-सव्वीस. डोंगरातल्या शर्यतीत पळणारा, अंगाने सडपातळ, आणि गिअरच्या सायकली भाड्याने देणारा. मागून त्याचा चुलत भाऊ छोटा हत्ती घेऊन येणार होता, पाणी, पंप आणि थकलेली माणसे उचलायला. या मुलाने निघताना विचारले, "सगळ्यांचं खाणं झालंय ना?" आम्ही सगळे हो म्हणालो. गुरुजीही हो म्हणाले.

पोवई नाक्यावरून पहाटे सहाला निघालो. वाटाड्याचा हिशेब असा की चढ आधी, ऊन चढायच्या आत. म्हणून पहिला अजिंक्यतारा. किल्ल्यावर आता डांबरी रस्ता जातो. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे तीन हजार तीनशे फूट, म्हणजे विरळ हवेचा प्रश्नच नाही. पण शहर आणि माथा यांच्यात हजारएक फुटांचा फरक आहे आणि तो पायांना चांगला समजतो.

मेहुणा सांगलीत रोज हरिपूरपर्यंत सायकलवर जाऊन येतो. कृष्णा-वारणेच्या संगमापर्यंतचा तो रस्ता तळहातासारखा सपाट. त्या भांडवलावर तो पहिल्या वळणाला आमच्या पुढे निघून गेला आणि तिसऱ्या वळणाला दगडावर बसलेला सापडला. गुडघा धरून. त्याच्या दोन चुका होत्या. बैठक फार खाली होती आणि तो जड गिअरवर जोर लावून चढत होता. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहावा, फार वाकू नये आणि ताठही होऊ नये, असे बैठकीचे माप आहे. चढावर हलका गिअर टाकून पाय भराभर फिरवावेत, म्हणजे गुडघ्याच्या वाटीवरचा ताण कमी होतो. वाटाड्याने बैठक दीड इंच वर केली आणि मेहुण्याचा गुडघा संध्याकाळपर्यंत पुन्हा बोलला नाही. सपाटीवरचे तीस किलोमीटर आणि चढावरचे तीन यांची तुलना करू नये, हे सांगलीच्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावे.

श्रम किती करावा याचे एक सोपे माप आहे. शेजारच्याशी एखादे वाक्य बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. बोलताही येत नसेल तर उतरून चालावे, त्यात कमीपणा नाही. नाडी मोजणारे लोक २२० मधून वय वजा करतात. तो अंदाज ठीक आहे, पण रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी मुद्दाम मंद ठेवतात. त्या घेणाऱ्याला नाडीवरून काहीच कळत नाही. गुरुजी अशीच एक गोळी घेत होते. हे वाक्य पुढे उपयोगी पडणार आहे.

माथ्यावर मंगळाई देवीचे देऊळ, ताराराणींच्या वाड्याचे अवशेष, तळी. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेबाने स्वतः येऊन या किल्ल्याला वेढा घातला आणि किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी तो चार महिन्यांहून अधिक काळ झुंजवला, १७०० च्या एप्रिलपर्यंत. पुढे १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला. गुरुजींनी हे सारे आम्हाला वर्गात सांगावे तसे सांगितले. समोर यवतेश्वर, तिकडे सज्जनगड, जरंडेश्वर. गार वारा होता. आम्ही तिघांनी तिथे केळी खाल्ली. गुरुजींनी घेतले नाही. "मला नको, पोट भरलंय," म्हणाले.

उतरताना दोन्ही ब्रेक सारखे दाबावेत, नुसता पुढचा दाबू नये, आणि हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावावा, पाठीमागे लोंबत ठेवू नये, एवढे सांगून पुढे जातो.

शहर ओलांडून वाढे फाट्यावरून आम्ही पुण्याच्या दिशेने निघालो, महामार्गाच्या कडेच्या सेवा रस्त्याने. उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले, अंगाला घासून जात होते. लिंब फाट्याला आत वळलो तेव्हा कुठे जिवात जीव आला. दोन्ही बाजूंना ऊस, मधून पाट आणि कुठेतरी पेटलेल्या गुऱ्हाळाचा वास.

याच टप्प्यात गुरुजी मागे पडू लागले. मला वाटले, वय आहे. मेहुण्याने काहीतरी थट्टा केली, त्यावर गुरुजी एकदम खेकसले. आयुष्यात आवाज न चढवलेला माणूस. मला आश्चर्य वाटले आणि मी ते तिथेच सोडून दिले. ही माझी त्या दिवशीची आणखी एक चूक.

लिंबची बारा मोटेची विहीर ज्यांनी पाहिली नाही त्यांनी जरूर पाहावी. श्रीमंत विरूबाई भोसले यांनी ती शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात बांधली. अष्टकोनी, शिवलिंगाच्या आकाराची, सुमारे एकशे दहा फूट खोल आणि पन्नास फूट व्यासाची. एकाच वेळी बारा मोटा चालत, बैलांच्या बारा जोड्या. परिसरातल्या आमराईला हे पाणी जात असे. दगडी जिन्याने खाली उतरले की विहिरीच्या पोटातच छोटासा महाल आहे. बाहेर दहाचे ऊन, आत गारवा. आम्ही त्या गारव्यात भिंतीला टेकून बसलो. मेहुणा फोटो काढू लागला. गुरुजी कठड्याकडे तोंड करून उभे होते, कोरीव कामाकडे पाहत असावेत असे मला वाटले.

वाटाडा माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "डॉक्टर, गुरुजींचं काय खरं दिसंना. सावलीत येऊन धा मिंटं झाली, आपला सगळ्यांचा घाम वाळला. त्यांच्या अंगातनं पाणी गळतंय अजून."

मी उठलो. सदरा पाठीला चिकटलेला, कपाळ गार आणि ओले. विचारले, "गुरुजी, बरं वाटतंय ना?" त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "तास संपला का?" त्यांच्यासमोर कठडा होता आणि कठड्यापलीकडे पाणी.

आम्ही दोघांनी धरून त्यांना भिंतीशी बसवले. आता माझे डोके चालू लागले. मधुमेहाच्या रुग्णाची साखर कमी झाली की हात थरथरतात, छाती धडधडते, भूक लागते, घाम येतो. हे पहिले इशारे. ते दुर्लक्षिले तर चिडचिड, असंबद्ध बोलणे, ग्लानी, झटके, बेशुद्धी. गुरुजींची रक्तदाबाची गोळी मेटोप्रोलॉल. या जातीची गोळी थरथर आणि धडधड झाकून टाकते. घाम मात्र झाकत नाही. उरलेला हा एकच इशारा सायकल चालवणाऱ्या माणसात कोण ओळखणार? ज्याने ओळखला त्याने वैद्यकाचे पुस्तक पाहिलेले नव्हते.

माझ्या पाठपिशवीत क्रेप बँडेज होते, वेदनाशामक मलम होते, चिकटपट्टी होती. साखर मोजण्याचे यंत्र नव्हते. तपासता आले नाही तर साखर कमी झाली असेच धरून चालायचे, कारण दिलेल्या चार चमचे साखरेने फारसे बिघडत नाही, न दिल्याने मात्र जीव जाऊ शकतो. वाटाड्याने कमरेच्या पिशवीतून शेंगदाण्याची चिक्की काढली. मी म्हटले, ही नको, नुसता गूळ आहे का? शेंगदाण्यातल्या तेलामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो, आणि अर्धवट शुद्धीत दाणा घशात अडकायची भीती वेगळीच. त्याच्याकडे गुळाचा खडा होता. तो बाटलीतल्या पाण्यात चुरला, ढवळला आणि घोट घोट पाजला. गुरुजींना गिळता येत होते म्हणून. माणूस बेशुद्ध असेल तर त्याच्या तोंडात काहीही घालायचे नाही, ना पाणी, ना साखर. त्याला कुशीवर वळवून तडक दवाखान्यात न्यायचे, शिरेतून ग्लुकोज द्यावे लागते.

नेमके माप असे. झटपट विरघळणारी साखर तीन ते चार चमचे, पंधरा ग्रॅमच्या आसपास. पंधरा मिनिटे थांबायचे. बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच. ती पंधरा मिनिटे मी घड्याळाकडे पाहत बसलो होतो. अठ्ठावीस वर्षांच्या व्यवसायात एवढी लांब पंधरा मिनिटे फार थोडी आली असतील. दुसऱ्यांदा पाणी दिल्यावर काही वेळाने गुरुजींनी कपाळ पुसले, आजूबाजूला पाहिले आणि ओशाळून म्हणाले, "डॉक्टर, गुळाचं पाणी दिलंत का मला? आज संकष्टी आहे."

"म्हणजे सकाळी काय खाल्लंत?"

"बिनसाखरेचा चहा. उपवास आहे ना. पण गोळी घेतली हां, न चुकता."

सारा उलगडा तिथे झाला. गुरुजींची सकाळची गोळी ग्लिमेपिराइड. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, तुम्ही खाल्ले असो वा नसो. त्यात किल्ल्याचा चढ आणि पुढचे पंधरा किलोमीटर. स्नायूंनी साखर ओढून घेतली, गोळीने ओढून घेतली, पोटातून काहीच आले नाही. दोष गोळीचा नाही, उपवासाचा नाही, सायकलचाही नाही. तिन्ही एका सकाळी एकत्र आणणाऱ्याला ती एकत्र येऊ नयेत हे कुणी सांगितले नव्हते. आणि वाटाड्याने विचारले तेव्हा त्यांनी हो का म्हटले? नंतर त्यांनी खरे कारण सांगितले. उपवासाचे कळले तर डॉक्टर सायकल चालवू देणार नाहीत, अशी भीती होती. चहा घेतलाच होता, त्यालाच त्यांनी खाणे धरले.

गुरुजींची तिथून पुढची सायकल मी बंद केली. या गोळीचा अंमल तासन्‌तास राहतो, त्यामुळे साखर वर येऊन पुन्हा घसरू शकते. एकदा गूळ दिला आणि काम झाले असे समजून माणसाला एकटे सोडू नये. पोटात पोळी-भाजी जायला हवी आणि कुणीतरी दिवसभर सोबत राहायला हवे. वाटाड्याच्या भावाने गावातून भाकरी, पिठले आणि ताक आणले. संकष्टी मोडली म्हणून गुरुजी पहिल्या घासाला थांबले. मी काही बोललो नाही. वाटाडाच म्हणाला, "खावा गुरुजी, गणपतीला बी ठावं हाय." ते जेवले, आणि छोट्या हत्तीत पुढच्या बाजूला बसले. मी माझी सायकल मागे टाकली आणि त्यांच्या शेजारी बसलो.

मेहुणा आणि त्याचा मित्र वाटाड्याबरोबर पेडल मारत दुपारी माहुलीला पोचले, आम्ही आधीच घाटावर होतो. वेण्णा येऊन कृष्णेला मिळते ती ही जागा. संगम माहुलीचे विश्वेश्वराचे देऊळ श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ च्या सुमारास बांधले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. राजघराण्यातल्या समाध्या आहेत आणि शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची म्हणून दाखवतात ती समाधीही आहे. गुरुजींना दोन्ही पायांवर उभे राहून आम्हाला हे सांगताना पाहिले तेव्हा माझ्या खांद्यावरचे ओझे थोडे उतरले. मेहुणा पाण्यात पाय सोडून बसला होता. म्हणाला, "दाजी, हे पाणी आमच्याकडंच येणार हरिपुरात." त्याला घडलेल्या गोष्टीचे गांभीर्य तेव्हाही पुरते कळले नव्हते असे मला वाटते. संध्याकाळी गुरुजींच्या घरी त्यांच्याच यंत्रावर साखर मोजली, १७६. रात्री झोपण्यापूर्वी एकदा आणि पहाटे एकदा मोजायला सांगून मी घरी आलो.

या लेखानंतर अनेकजण विचारतील म्हणून सांगतो. मधुमेहाच्या सर्वच गोळ्यांनी साखर अशी खाली जात नाही. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याला ही भीती फार कमी. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या जातीच्या गोळ्या आणि इन्शुलिन यांच्याबाबत मात्र सावध राहावे. आपण कोणती घेतो ते वेष्टनावर वाचून डॉक्टरांना विचारावे. पण हा लेख वाचून कुणी आपल्या मनाने गोळी बंद करू नये. तसे केलेला एखादा रुग्ण वाढलेल्या साखरेने माझ्याकडे येणार, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. डोंगर, शेत, लांबचा प्रवास, पायी वारी, लग्नघरातली धावपळ, कुठल्याही जादा श्रमाच्या दिवसाआधी गोळीचे काय करायचे ते विचारून घ्यावे. खिशात साखरेची पुडी ठेवावी, आणि सोबतच्या एका तरी माणसाला आपल्याला मधुमेह आहे हे माहीत असावे. श्रम करताना छातीत आवळल्यासारखे झाले, ते जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे गेले, तर तो प्रश्न साखरेचा नव्हे. तिथल्या तिथे थांबून गाडी बोलवावी.

सोमवारी गुरुजी आणि वहिनी दवाखान्यात आले. वहिनींचे पहिले वाक्य, "डॉक्टर, संकष्टी सोडायला सांगू नका. आमच्या लग्नापासून ते करतात." मी सोडायला सांगणार नव्हतोच. फिजिशियनशी बोलून गोळी बदलली, उपवासाच्या दिवशी काय खायचे आणि किती वाजता ते ठरवले. मग औषधांच्या यादीखाली, त्याच कागदावर, प्रथमच लिहिले : सायकल, सपाटीवर, अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, न्याहारीनंतर एक तासाने, खिशात साखर. संकष्टीला सुटी.

गुरुजींनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला, बराच वेळ पाहिला आणि माझ्याकडे परत सरकवला. "डॉक्टर, 'न्याहारी' जरा नीट लिहा. हे दुकानदाराला वाचायचं नाही, मला वाचायचं आहे."